सखीसंवाद आणि आकर्षणाची भाषा

ऑनलाइन ओळखीतून एखाद्या पुरुषाविषयी आकर्षण वाटले, तर स्त्री ते मैत्रिणीला कोणत्या भाषेत सांगते, याचा प्रस्तुत लेखात जळगाव-धुळे या भाषिक परिसराच्या अनुषंगाने विचार करावयाचा आहे.

आकर्षण सखीपाशी बोलावे, हा संकेत जुना आहे. हालाच्या महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त कित्येक गाथा सखी, मामी अथवा आत्या यांना उद्देशून आहेत. ऐकणारी स्त्री न सांगितलेलेही जाणते, या भरवशावर तेथील उक्ती आटोपशीर राहते.

2012 साली आलेल्या टिंडरसारख्या माध्यमाने मात्र स्त्रीच्या हाती निवडीची उघड कृती दिली. 2014 च्या बंबलने तर पहिला संदेश स्त्रीनेच पाठवावा, असा नियम आरंभी ठेवला. ‘मी त्याला निवडले’ या वाक्यात कृती तिची आहे. मैत्रिणीजवळ तीच गोष्ट ‘मला तो आवडतो’ अशी येते. येथे क्रियापद पुरुषाच्या लिंगवचनानुसार चालते आणि ‘मी’चे ‘मला’ होते. आकर्षण हे तिने केलेले कृत्य न राहता तिला आलेला अनुभव ठरते. जेथे पडद्यावरचा चेहरा एखाद्या परिचिताचा नातलग निघू शकतो, तेथे हा व्याकरणिक आडोसा क्षुल्लक नव्हे.

अहिराणीत हा आडोसा अधिक दाट होतो. प्रमाण मराठीत नुसते ‘आवडतो’ म्हटले तरी पुरुष सूचित होतो. ‘माले आवडस’ या वाक्यात आवडणारा की आवडणारी, हे क्रियापद सांगत नाही. घरातील वडीलधाऱ्यांसमोरही ते उच्चारता येते. संदर्भ ठाऊक असलेल्या मैत्रिणीलाच त्याचा अर्थ पुरता लागतो. ‘क्रश’ हा इंग्रजी शब्दही भावनेला असेच हलके, थट्टेचे रूप देतो.

या आडवळणाला केवळ लज्जा म्हणणे अपुरे आहे. ‘बरा आहे का गं?’ या मैत्रिणीच्या प्रश्नात रूपाची चौकशी आहे, तशीच सुरक्षिततेचीही. फोटो खरा असेल का, भेटायचे कुठे, सोबत कोण, हे पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात. सखी येथे केवळ श्रोती राहत नाही. ती निवडीची पहिली परीक्षक होते.

म्हणून स्त्रीच्या इच्छेचा शोध केवळ तिच्या उघड उद्गारांत घेणे पुरेसे नाही. विभक्ती, गाळलेला कर्ता आणि बोलीची निवड यांतही ती इच्छा वाचावी लागते.