जुन्या कोडमध्ये लिंटर आणताना

संगणकाचा प्रोग्रॅम प्रत्यक्ष न चालवता, केवळ त्याचा लिहिलेला मजकूर म्हणजेच कोड वाचून, त्यातील संशयास्पद जागा दाखवून देणाऱ्या साधनाला लिंटर म्हणतात. बेल लॅब्जमधील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी ‘लिंट’ हे साधन लिहिले, तेव्हा त्यामागे कामाच्या वाटणीचा स्पष्ट विचार होता: कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरने आपले काम वेगाने उरकावे आणि काटेकोर छाननी वेगळ्या साधनाकडे सोपवावी.

अशा छाननीची गरज किती खरी आहे, हे २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालींत सापडलेल्या एका दोषावरून कळते. सुरक्षित जोडणी करताना समोरच्या सर्व्हरची स्वाक्षरी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती आणि दुसरी ओळ कोणत्याही अटीखाली येत नसल्यामुळे पुढची निर्णायक तपासणी कधी होतच नव्हती. भाषेच्या व्याकरणात हे सारे बसत असल्याने कोड बिनतक्रार चालत होता. ज्या ओळींपर्यंत प्रोग्रॅम कधीच पोहोचू शकत नाही त्या शोधणारा नियम लागू असता, तर ही जागा त्याने दाखवली असती.

जावास्क्रिप्टसाठी आज सर्रास वापरले जाणारे ईएसलिंट हे साधन निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये सुरू केले. ते कोडचे पदच्छेद करून त्याची वृक्षासारखी रचना तयार करते आणि प्रत्येक नियम त्या वृक्षातील आपल्या कामाच्या जागा तपासतो. उदाहरणार्थ, या भाषेत दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केल्यास शून्य आणि रिकामी अक्षरमाला समान ठरतात, म्हणून तीन चिन्हांचा आग्रह धरणारा नियम उपलब्ध आहे. प्रत्येक नियम बंद, इशारा किंवा त्रुटी अशा तीनपैकी एका पातळीवर ठेवता येतो आणि ही निवड प्रकल्पातल्या एका फाइलमध्ये नोंदवली जात असल्याने ती सर्वांना सारखीच लागू होते.

अवघड भाग येथून पुढे सुरू होतो. अनेक वर्षे वाढलेल्या कोडवर सगळे नियम एकाच दिवशी लावले, तर तक्रारींची यादी इतकी लांबते की ती कोणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या इशाऱ्यांच्या गर्दीत नवा, खरोखर धोक्याचा इशाराही बुडून जातो. म्हणून आरंभी थोडेच नियम घ्यावेत, पण ते खऱ्या चुकांवर बोट ठेवणारे असावेत आणि थेट त्रुटीच्या पातळीवर असावेत. मोकळ्या जागा आणि ओळींची लांबी यांचे वाद प्रेटियरसारख्या मांडणी-साधनावर सोपवणेच शहाणपणाचे. जुन्या तक्रारी एका फाइलमध्ये नोंदवून तात्पुरत्या बाजूला ठेवता येतात; रूबी भाषेचे रूबोकॉप ही सोय पूर्वीपासून देते आणि ईएसलिंटमध्ये ती २०२५ मध्ये आली. यामुळे नव्या कोडला शिस्त लगेच लागते, तर जुना कोड सवडीने सुधारता येतो. साधनाने आपोआप केलेल्या दुरुस्त्या मात्र इतर बदलांत मिसळू नयेत, कारण पुढे एखादी ओळ कोणी आणि का बदलली हे शोधताना त्या वाट चुकवतात. त्या स्वतंत्र ठेवून, कोडमधील बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटला हा शोध घेताना तो बदल वगळायला सांगता येते.

तपासणी प्रत्येकाच्या संपादकात व्हावी, पण अंतिम अडवणूक सामाईक सर्व्हरवर, कोड मुख्य शाखेत मिसळण्यापूर्वी व्हावी. ती केवळ व्यक्तीच्या आठवणीवर सोडल्यास घाईच्या दिवशी हमखास चुकते. एखाद्या ओळीपुरता नियम थांबवण्याची मुभाही असायलाच हवी, कारण लिंटरला लेखकाचा हेतू कळत नाही. मात्र अशा सुटीशेजारी तिचे कारण लिहिणे संघाने बंधनकारक करावे. ज्या सुटीची गरज उरलेली नाही, ती ईएसलिंट स्वतःच दाखवून देते, आणि ती त्याच वेळी काढून टाकावी.