गोळी घासाबरोबरच हवी

दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदारांना नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द परिचयाचे आहेत. यांतील स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, दूध, डाळी व मांसातून मानवी शरीरातही जाते. अतिरिक्त स्फुरद निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडाचा जुनाट विकार जडलेल्या मुलांत मात्र ते रक्तात साचते. परिणामी हाडे कमकुवत होतात, वाढ खुंटते, रक्तवाहिन्या कठीण बनतात.

डायलिसिसनेही ते पुरेसे निघत नाही. म्हणून कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम ॲसिटेट यांसारखी औषधे दिली जातात. ती अन्नातील फॉस्फेटला आतड्यातच बांधून शौचावाटे बाहेर नेतात. साहजिकच, उपाशीपोटी घेतलेली गोळी हे काम करू शकत नाही. दुपारचे जेवण शाळेत घेणाऱ्या मुलाची मात्रा चुकू नये, यासाठी शिक्षकांना कल्पना द्यावी.

कॅल्शियमयुक्त औषध अधिक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. कॅल्शियमविरहित सेव्हेलामर कार्बोनेटला अमेरिकेत २०१६ मध्ये सहा वर्षे व त्यावरील मुलांसाठी मान्यता मिळाली. मात्र कोणते औषध व किती, हे रक्ततपासणीनुसार डॉक्टरांनीच ठरवावे.

दूध-डाळी परस्पर बंद करू नयेत. वाढत्या मुलाला प्रथिने हवीतच. कोलापेये व पाकीटबंद पदार्थ मात्र टाळावेत. त्यांत मिसळलेले फॉस्फेट डाळी-धान्यांतील फॉस्फेटपेक्षा अधिक शोषले जाते.