मासा ओळखावा, मग रांधावा

माशाचे मांस बकऱ्याच्या किंवा कोंबडीच्या मांसाहून मुळातच वेगळे असते. अंगाचा भार पाणीच उचलत असल्याने माशाच्या स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या चिवट ऊती फार थोड्या लागतात. स्नायूंचे आखूड धागे पापुद्र्यांनी रचलेले असतात आणि त्या पापुद्र्यांमधला पातळ पडदा थोड्याशा उष्णतेने विरघळतो. मटण मऊ करण्यासाठी शिजवावे लागते. मासा मऊच असतो. तो वाजवीपेक्षा जास्त वेळ आचेवर राहिला की तव्यावर कोरडा पडतो आणि रश्श्यात विरतो. हेच नाजूक अंग नासतेही लवकर. त्यामुळे मत्स्याहाराचा निम्मा स्वयंपाक बाजारातच होतो असे म्हणायला हरकत नाही.

‘आज पापलेटच’ असा निश्चय करून बाजारात जाणारा बहुधा फसतो. आधी कोळणीची पाटी पाहावी, त्यातले सर्वांत ताजे काय ते हेरावे आणि पाककृती मग ठरवावी. ताज्या माशाचा डोळा फुगीर व पारदर्शक असतो, शिळ्याचा खोल जातो. बर्फाला टेकल्यामुळे डोळा कधी ताज्या माशाचाही धुरकट होतो. म्हणून कल्ला उघडून पाहणे अधिक भरवशाचे. तो लालभडक, ओलसर आणि समुद्राच्या वासाचा असावा. तपकिरी, चिकट कल्ला म्हणजे शिळा माल. बोटाने दाबल्यावर अंगावर खळगा राहू नये आणि पोट फुटलेले नसावे. पापलेटची परीक्षा कोळणी वेगळ्या रीतीने करून दाखवतात: कल्ल्याजवळ दाबल्यावर पांढुरके पाणी आले तर मासा ताजा, लालसर आले तर शिळा. सुरमईच्या कापलेल्या तुकडीत मधल्या काट्याजवळचे रक्त लाल दिसावे. कोळंबीचे डोके धडाला घट्ट असावे. डोक्यावर चढणारा काळेपणा विषारी नसतो, पण माल जुना होत चालल्याची ती खूण आहे. बोंबलाला दाबून पाहण्यात अर्थ नाही, कारण तो ताजाही लिबलिबीत असतो. त्याची गुलाबीसर झाक आणि चकाकी पाहावी. तिसऱ्या मिटलेल्या घ्याव्यात. उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली तर आतला जीव जिवंत आहे. शिजवल्यावर ज्या उघडत नाहीत त्या टाकून द्याव्यात. खेकडे जिवंत आणि आकाराच्या मानाने जड निवडावेत.

बांगडा, तारली, कुपा या माशांच्या बाबतीत ताजेपणा हा केवळ चवीचा प्रश्न नाही. त्यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उष्णतेत पडून राहिला की जिवाणू या हिस्टिडिनचे हिस्टामिन बनवतात आणि तो खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे असे त्रास होतात. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून किंवा तळून नाहीसे होत नाही. उपाय एकच, बर्फ. बाजार लांब असेल तर घरून डबा व बर्फ न्यावा आणि माशाच्या वजनाइतका बर्फ त्याच्या वर-खाली पसरावा.

उलट, कित्येक दिवसांचा प्रवास करून आलेला मासा संशयास्पद ‘ताजा’ दिसत असेल तर तोही घेऊ नये. 2018 मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीत ती टिकवण्यासाठी फॉर्मालिन हे घातक रसायन वापरल्याच्या संशयावरून गोव्यात मोठा गदारोळ झाला होता. अंग ताठ, पण कल्ले फिके आणि समुद्राचा वास मुळीच नाही, असा विसंगत मासा सोडून द्यावा.

नावांवर फार विसंबू नये हेही खरे. हलव्याला इंग्रजीत काळा पापलेट म्हणतात, पण तो पापलेटच्या कुळातला नाही. रावसाला हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून भाव चढतो, पण सॅमनशी त्याचे नाते नाही. दोन्ही मासे स्वतःच्या गुणांवर उत्तम आहेत. रुपेरी पापलेटला 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित करण्यात आले, कारण त्याची घटती संख्या हा चिंतेचा विषय आहे. तळहाताएवढीही न झालेली पापलेटची पिल्ले ‘स्वस्त आणि कोवळी’ म्हणून घेणे या दृष्टीने गैरच. शिवाय त्यांत काट्याच्या मानाने मांस नसते.

नवशिक्याने सुरुवात बांगड्यापासून करावी. तो स्वस्त असतो, त्याचे खवले बारीक असतात, मधला काटा सरळ सुटतो आणि तेलकट अंगामुळे तव्यावर थोडा जास्त वेळ राहिला तरी तो कोरडा पडत नाही. सुरमईच्या तुकड्या त्याहून सोप्या, पण महाग. मांदेली डोके काढून कुरकुरीत तळली की काट्यासकट खाता येते. पाला आणि भिंग चवीला अप्रतिम असले तरी बारीक काट्यांनी भरलेले असतात. ते खायलाच सराव लागतो, करायला तर लागतोच.

साफ करून आणलेला मासाही घरी पुन्हा तपासावा. पोटाच्या आतली काळी त्वचा आणि काट्याला चिकटलेले रक्त बोटाने खरवडून काढले नाही तर कालवण कडवट होते. मासा अखंड असताना भरपूर धुवावा, तुकडे केल्यावर मात्र पाण्यात ठेवू नये. चव पाण्याबरोबर जाते.

माशाच्या वासाचे मूळ ट्रायमिथिलअमाइन या संयुगात आहे. समुद्री माशाच्या अंगात असलेल्या एका निर्गंध पदार्थापासून मासा मेल्यावर जिवाणू ते बनवतात. ते अल्कधर्मी असल्याने आंबटाशी संयोग पावले की हवेत उडत नाही आणि वास दबतो. कोकम, चिंच, लिंबू, कैरी यांना किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात जे अढळ स्थान मिळाले त्याला चवीइतकेच हेही कारण आहे. मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून मासा पंधरा-वीस मिनिटे मुरवावा. आंबटात तासन्‌तास ठेवल्यास मांस पांढरे पडून भुसभुशीत होते.

तळण्याआधी मुरलेल्या तुकड्यांचे सुटलेले पाणी निथळावे. ओला मासा तळला जात नाही, वाफवला जातो. रव्यात घोळवल्यास जाडसर कुरकुरीतपणा येतो, तांदळाच्या पिठाने पातळ. तवा आधी चांगला तापवून मग तेल घालावे. मासा टाकल्यावर त्याला हलवू नये. खालचा थर खरपूस झाला की तो आपोआप सुटतो. एकदाच उलटावा. बोंबलात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो चिरून, उघडून, वर पाटा किंवा वजन ठेवून पाणी काढल्यावरच तळतात.

कालवणात क्रम उलटा असतो. आधी वाटणाचा रस उकळून त्याचा कच्चा वास घालवायचा, मासा शेवटी. बोटभर जाड तुकड्यांना पाच-सात मिनिटे पुरतात. मांस अपारदर्शक झाले आणि काट्यापासून सुटू लागले की भांडे उतरवावे. मासा घातल्यावर डाव फिरवू नये, भांडेच दोन्ही हातांनी धरून हलवावे. नारळाचे दूध घातले असेल तर खळखळून उकळू देऊ नये, ते फुटते. बांगडा-तारलीसारख्या तेलकट माशांना तिरफळ शोभते. ते किंचित ठेचून घालावे, आतली काळी बी टाकावी. बांगड्याच्या तिखल्यात नारळ जवळजवळ नसतोच, तर सारस्वतांच्या उड्डामेथीत परतलेले उडीद आणि मेथीदाणे वाटणात येतात. पापलेट, मुडदुशी यांच्यासारख्या सौम्य माशांवर तिरफळाचा मारा करणे म्हणजे त्यांची चव झाकणे होय.

घाटावर गोड्या पाण्यातले मासे अधिक मिळतात. उजनी जलाशयाच्या काठी भिगवणची चिलापी प्रसिद्ध आहे. रोहू आणि कटला जवळपास सगळीकडे असतात. त्यांना कधीकधी येणारा चिखलाचा वास वेगळ्या कारणाने येतो. पाण्यातले काही सूक्ष्मजीव जिऑस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या अंगात मुरते. आंबटाचा उपाय इथेही लागू पडतो. रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ आकाराचे सुटे काटे असतात, म्हणून पहिल्यांदा खाणाऱ्याला पोटाकडचे तुकडे वाढावेत. हे मासे अर्धकच्चे ठेवू नयेत. त्यांत परोपजीवी असू शकतात.

1 जून ते 31 जुलै हा काळ पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीबंदीचा. या दिवसांत बाजारात ‘ताजी’ म्हणून मिळणारी मोठी समुद्री मासळी बहुधा गोठवलेली असते. तीही वाईट नसते. फक्त ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सावकाश मऊ होऊ द्यावी आणि पुन्हा गोठवू नये. किनाऱ्यावरच्या घरांचा खरा आधार मात्र वलांडीवर वाळवलेले बोंबील, सुकट आणि सोडे. सुकट आधी तव्यावर कोरडी भाजावी, म्हणजे पाय-मिशा सुटतात. मग पाखडून दोन-तीन पाण्यांत धुवावी, तळाशी वाळू राहते. सोडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वांग्या-बटाट्यात किंवा खिचडीत घालतात. खाऱ्या बांगड्याला मात्र मीठ न घालता रांधावे आणि रश्श्याची चव पाहूनच मिठाचे ठरवावे.