स्टाउर खोऱ्यांतील पाणचक्क्या व पाणंदी

इंग्लंडांत सफोक व एसेक्स या दोन परगण्यांच्या सीमेवरून स्टाउर नांवाची एक संथ नदी वाहते. तिच्या कांठच्या फ्लॅटफर्ड व डेडम येथील पाणचक्क्या आणि तेथील पाणंदी यांचा विचार आम्ही येथें योजिला, याचें कारण असें कीं, या स्थळांविषयींचा पुरावा दप्तरी लेख, चित्रें व प्रत्यक्ष अवशेष अशा तीन जातींचा आहे. आणि त्यांपैकीं कोणास किती वजन द्यावें, हा प्रश्न आमच्या संग्राहक वाचकांस परका नाहीं.

पाणचक्की म्हटली म्हणजे आपणांस औरंगाबादेची (हल्लींचें छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की आठवते. तेथें दूरच्या झऱ्याचें पाणी भूमिगत नहरीनें आणलेलें आहे. स्टाउरसारख्या सपाट मुलखांतल्या नदीवर नदीच बांधानें अडवून पाण्याची पातळी चढवीत. दार उचललें कीं पाणी उभ्या चाकाच्या फळ्यांवर आदळे. चाकाचा आडवा आंस फिरे, आणि दांतेरी चाकांच्या योगानें ती गति उभ्या आंसास मिळून जात्याचा वरचा दगड फिरूं लागे. खालचा दगड स्थिर असे. दगड गुळगुळीत झाले म्हणजे त्यांस टाकी लावावी लागे. येथें आपलें घरचें जातें व हें अजस्र जातें यांत भेद नाहीं.

इंग्लंडांतील गिरण्यांचा पहिला मोठा लेखी पुरावा म्हणजे इ. स. १०८६ ची डूम्सडे नांवाची पाहणी. तींत सुमारे सहा हजार गिरण्या नोंदलेल्या आहेत. पवनचक्की त्या देशांत बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी आढळत नाहीं; सबब या नोंदींतील ‘मोलेंडिनम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ पाणचक्की असाच बहुतेक ठिकाणीं घ्यावा लागतो. कित्येक गिरण्यांचा खंड नाण्यांत न घेतां वाम माशांत घेतलेला दिसतो, तो बांधाच्या पाण्यांत ते विपुल सांपडत म्हणून.

गिरणी हें धन्याच्या उत्पन्नाचें साधन होतें. कुळांनीं त्याच्याच गिरणींत दळावें व दळणाचा ठराविक हिस्सा द्यावा, असा दंडक अनेक ठिकाणीं असे. सेंट ऑल्बन्सच्या मठांतील रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड या मठाधिपतीनें (कारकीर्द १३२७–३६) रयतेचीं हातजातीं जप्त करून त्यांची फरसबंदी केली. १३८१ च्या बंडांत लोकांनीं ती फरशी उखडून तिचे तुकडे घरोघर नेले. जातें म्हणजे केवळ दगड नव्हे, हें ज्यास कळत नाहीं त्यानें ही हकीकत अवश्य ध्यानांत ठेवावी.

फ्लॅटफर्डच्या विटकामावर १७३३ हा सनाचा आंकडा आहे. पुढें ही गिरणी गोल्डिंग कॉन्स्टेबल यास चुलत्याकडून मिळाली. डेडमची गिरणीही त्याजकडे होती. १७०५ च्या कायद्यानें स्टाउर नौकानयनास योग्य करण्यांत आली होती, व त्याचें पीठ नावांतून समुद्राकडे जाई. नावा घोडे ओढीत. कांठच्या वाटेवर गुरें अडविण्यासाठीं आडवे अडसर असत, ते ओलांडण्यास हे घोडे शिकविलेले असत. गिरणीवाल्यास पाणी सांठवावयाचें, नावाड्यास तें सोडून हवें, असा या धंद्यांत नेहमींचा विरोध. गोल्डिंगचे मात्र दोन्हीकडे हितसंबंध होते.

त्याचा पुत्र जॉन (जन्म १७७६) हाच प्रसिद्ध चित्रकार. ईस्ट बर्गहोल्टाहून डेडमच्या शाळेंत जातांना तो ज्या फेन लेन नांवाच्या पाणंदीनें जाई, ती त्याच्या १८२६ च्या ‘शेत’ या चित्रांत आहे. दोहों बाजूंस झाडी, मध्यें चाकोरी: देशावरील वाचकांस ती ओळखीची वाटेल. परंतु चित्रांत दूरवर दिसणारें देऊळ त्या जागीं नव्हतेंच. तें चित्रकारानें मनानें घातलें. चित्र पाहून नकाशा करणाऱ्यांनीं येथें सावध व्हावें.

पाणंदींचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. १९४९ च्या कायद्यानें परगण्यांनीं सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करावेत असें ठरलें. पुढें २००० च्या कायद्यानें १९४९ पूर्वींच्या ज्या पायवाटा व घोडवाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदल्या जाणार नाहींत, त्यांवरील लोकांचा हक्क सामान्यतः नष्ट व्हावयाचा होता. ही मुदत २०२३ मध्यें २०३१ पर्यंत वाढविली गेली, व ती अजिबात रद्द करण्याचा मनोदय शासनानें डिसेंबर २०२४ मध्यें जाहीर केला. दरम्यान वाटांच्या कैवाऱ्यांनीं जुनीं दप्तरें धुंडाळलीं. त्यांत १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले दशमांश कराचे नकाशे आहेत. परंतु आमच्या मतें अधिक बोलके आहेत ते १९१० च्या जमीन-आकारणीचे. त्यांत आकारणीच्या प्रत्येक जमिनीस रंग दिलेला असे. सार्वजनिक रस्ता आकारणींतून वगळला जाई, म्हणून तो कोराच राही. दोन रंगीत शेतांमधून गेलेली एखादी कोरी पट्टी दिसली, तर ती पाणंद रस्ता मानली जात होती, असें अनुमान निघतें. मात्र इतर कागदांचा दुजोरा मिळेपर्यंत तें अनुमानच समजावें.