संशय जन्मावर की वर्तनावर?

अमेरिकेत स्थलांतरितांचा कारभार वेळोवेळी कोणत्या खात्याकडे होता, एवढे क्रमाने पाहिले तरी या देशाच्या मनाचा बदलत गेलेला कल ध्यानात येतो. १८९१ साली हे काम अर्थखात्याकडे होते. १९०३ मध्ये ते वाणिज्य व कामगार खात्याकडे आणि १९१३ पासून स्वतंत्र कामगार खात्याकडे गेले. १९४० साली, युरोपात महायुद्ध पेटलेले असताना, ते न्याय खात्याकडे सोपवण्यात आले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, २००३ मध्ये, ते नव्याने स्थापन झालेल्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे आले. आधी महसूल, मग श्रम, मग कायदा आणि शेवटी सुरक्षा असा हा प्रवास आहे. आपल्या घरातील एच-१बीच्या मुदतवाढीचे, ग्रीन कार्डाचे आणि नागरिकत्वाचे अर्ज आज याच खात्यात तपासले जातात.

आपल्या सीमेत कोण येतो हे जाणून घेण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो निकषाचा. माणसाला त्याच्या वर्तनावरून पारखायचे की त्याच्या जन्मावरून?

१८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. १८८९ मध्ये चाय चान पिंग या सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी कामगाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. परत येण्याचा सरकारी दाखला घेऊन तो मायदेशी गेला होता. तो परतीच्या बोटीवर असतानाच नव्या कायद्याने तो दाखला रद्द केला. परकीयांना रोखण्याचा सरकारचा अधिकार राष्ट्राच्या सार्वभौमत्वातून व सुरक्षिततेतून येतो, असे सांगून न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. हा तथाकथित धोका संपला कधी? १९४३ साली, चीन युद्धात अमेरिकेचा मित्र झाल्यावर. चिनी माणसे तीच होती, सरकारची गरज तेवढी बदलली होती.

१९४२ मध्ये अध्यक्षीय आदेश क्रमांक ९०६६ नुसार सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक अमेरिकेचे नागरिक होते. १९४४ साली कोरेमात्सू खटल्यात न्यायालयाने ही कारवाई उचलून धरली. पुढे संसदेने नेमलेल्या आयोगाने तिच्या मुळाशी लष्करी निकड नसून वंशद्वेष व युद्धज्वर असल्याचा निष्कर्ष काढला. १९८८ मध्ये राष्ट्राने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर भरपाई दिली. तोपर्यंत अनेकांचे आयुष्य संपून गेले होते.

२००२ साली २५ देशांतील पुरुषांसाठी विशेष नोंदणी सुरू झाली. उत्तर कोरिया वगळता ते सर्व मुस्लिमबहुल देश होते. अमेरिकेत राहणाऱ्या ८०,००० हून अधिक लोकांनी स्वतः जाऊन नोंद केली. १३,००० हून अधिक लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. मात्र या नोंदणीतून दहशतवादाचा एकही गुन्हा सिद्ध झाला नाही. दुसरीकडे, ११ सप्टेंबरच्या हल्लेखोरांपैकी दोघांची माहिती गुप्तचर यंत्रणेकडे आधीपासून होती. ती इतर यंत्रणांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही. म्हणजे उणीव होती ती नेमक्या माहितीच्या देवाणघेवाणीत.

संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना यामागचे गणित परिचित आहे. समजा, १,००,००० माणसांत १० जण खरोखर धोकादायक आहेत आणि आपली चाचणी ९९ टक्के अचूक आहे. तरीही ते दहा जण सापडताना सुमारे १,००० निरपराधांवर ठपका येतो. वंश किंवा धर्म हा निकष तर इतका अचूक कधीच नसतो. संशयाचे जाळे जितके मोठे, तितका तपास करणाऱ्यांचा वेळ वाया जातो आणि ज्या वस्तीकडून खरी खबर मिळायची, तीच वस्ती गप्प होते.

जन्मावरून संशय घेण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भारतात अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. हजेरी, परवाना आणि पोलिसांची पाळत यांत पिढ्या गेल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी विमुक्तांच्या कपाळावरचा शिक्का पुरता पुसला गेलेला नाही. तथागतांनी वसल सुत्तात माणसाच्या हीनतेचा निकष त्याच्या आचरणात शोधला, कुळात नव्हे. बाबासाहेबांनीही राज्याच्या सुरक्षेची गरज नाकारली नाही. परंतु १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी संविधान सभेत जे कलम मांडले आणि जे आज अनुच्छेद २२ म्हणून ओळखले जाते, त्यात अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे या अटी घातल्या. त्या कलमालाही शत्रुराष्ट्राचे नागरिक व प्रतिबंधात्मक स्थानबद्धता यांचे अपवाद जोडावे लागले. सुरक्षेच्या नावाने सत्ता किती मागते आणि तिला वेसण घालणे किती अवघड असते, हे त्यावरून कळते.

शेवटी एक खटला आपण विसरू नये. १९२३ मध्ये अमेरिकी सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयात उभे होते. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरे, असा त्यांच्या बाजूचा दावा होता. उच्चवर्णीय हिंदू भारतातील मूलनिवासींशी विवाहसंबंध टाळतो, जसा गोरा अमेरिकी कृष्णवर्णीयांशी टाळतो, असाही युक्तिवाद झाला. न्यायालयाने दावा फेटाळला आणि त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या इतर भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेतले गेले. जातीची शिडी परक्या दारात लावूनही दार उघडले नाही.

आज दुसऱ्या कुणावर संशयाची नजर वळते, तेव्हा ‘आम्ही त्यांच्यातले नाही, आम्ही शिकलेले, कर भरणारे’ असे म्हणण्याचा मोह आपल्या घरांतही होतो. तो मोह म्हणजे थिंद यांच्याच युक्तिवादाची नवी आवृत्ती होय. कोणत्याही माणसाचा निवाडा त्याच्या वर्तनावरून, पुराव्याने आणि त्याची बाजू ऐकून व्हावा, ही आपली मागणी असावी. स्वतःसाठी आणि तितक्याच ठामपणे शेजाऱ्यासाठी.

जय भीम!