वायरलेसवरचा शब्द

सावनेरहून नागपूरला जाताना छिंदवाडा रोडवर प्रादेशिक मनोरुग्णालय लागते. १८६४ साली सुरू झालेली ही संस्था. परंतु बसमधला प्रवासी मनोरुग्णालय म्हणत नाही, 'पागलखाना चौक' म्हणतो. लहानपणापासून आपण सर्वच तसे म्हणत आलो. उतरण्याचे ठिकाण सांगताना हा शब्द निरुपद्रवी वाटतो. तोच शब्द पोलिसांना केलेल्या फोनमध्ये गेला तर काय होते, हे समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे मांडण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

आज महाराष्ट्रात ११२ क्रमांक फिरवला की तो फोन नवी मुंबई अथवा नागपूर येथील केंद्रात घेतला जातो. तिथला कर्मचारी आपण सांगू ते टिपून घेतो आणि ती माहिती जवळच्या पोलीस गाडीकडे जाते. गाडीतल्या शिपायाने त्या माणसाला पाहिलेले नसते. त्याच्याजवळ असतात ते फक्त आपले शब्द. 'पागल मारायला उठला आहे' असे ऐकून येणारा शिपाई काठी सावरूनच उतरणार. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

हे शब्द नोंदलेही जातात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात शहीद झालेले अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षातील संभाषणाच्या नोंदी मिळवल्या व २००९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. कोणी कोणाला काय सांगितले, हे नोंदीवरूनच विचारता येते. तो प्रसंग वेगळा होता, पण नोंदीचे मोल त्यातून कळते.

मानसिक आजाराच्या प्रसंगाची अशी नोंद ऐकायची तर अमेरिकेतील सिॲटल शहराकडे पाहावे लागते. १८ जून २०१७ रोजी चार्लीना लाइल्स या कृष्णवर्णीय, गर्भवती मातेने घरी चोरी झाल्याची तक्रार देण्यासाठी स्वतःच पोलिसांना फोन केला. पोलिसांच्या यंत्रणेत मुद्रित झालेला आवाज पुढे जाहीर करण्यात आला. दार वाजवण्यापूर्वी दोघे अधिकारी आपसात बोलतात. त्याच महिन्यात ती मोठी कात्री घेऊन पोलिसांसमोर उभी राहिली होती व असंबद्ध बोलत होती, म्हणून सावधगिरीची नोंद होती. मग दार उघडते, काय चोरीला गेले याची साधी विचारपूस सुरू होते आणि एकाएकी आरडाओरडा व गोळ्या. तिने चाकू काढला, असे पोलिसांचे म्हणणे. तिची मुले घरातच होती. त्या नोंदीमुळे एकाऐवजी दोघे अधिकारी गेले. परंतु तिच्याशी कसे बोलावे, सोबत समुपदेशक न्यावा काय, हे मात्र ठरले नाही. पोलिसांना असलेला धोका नोंदीत होता. २०२२ मध्ये चौकशीतील ज्यूरीने गोळीबार समर्थनीय ठरवला. तिच्या कुटुंबाला शहराने त्याआधीच भरपाई दिली होती.

त्याच देशात मेम्फिस शहराने १९८७ च्या अशाच एका मृत्यूनंतर १९८८ पासून निवडक पोलिसांना व फोन घेणाऱ्यांनाही या कामाचे शिक्षण द्यायला सुरुवात केली.

आता स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या बँकेच्या शाखेत एक तरुण काऊंटरवर पासबुक आपटू लागला. खात्यातले पैसे कोणी तरी हवेतून काढून नेते, असे त्याचे म्हणणे होते. रांगेतले लोक मागे सरकले. फोन मी केला. 'एक पागल आला आहे, मारहाण करतो आहे,' असे मी बोललो. त्याने कोणालाही हात लावला नव्हता. त्याला धरून नेले व सायंकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवले. गावाहून त्याची आई आली, तेव्हा तिच्या पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी होती. औषध संपून पंधरा दिवस झाले होते. मी तिला काही बोललो नाही.

पटाचारेची कथा विहारात आपण ऐकलेली आहे. पती, मुले, आईवडील गमावून ती विवस्त्र हिंडत होती तेव्हा लोकांनी तिला वेडी म्हणून हाकलले. तथागतांनी तिला भगिनी म्हणून हाक मारली व शुद्धीवर ये म्हटले. बाई तीच, हाक वेगळी.

कायदाही आज त्याच बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०० प्रमाणे, आजारी व स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली अथवा तिच्यापासून तिला किंवा इतरांना धोका दिसला, तर तिला संरक्षणात घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. तिला कारण सांगावे लागते. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसालाही हे तेव्हा माहीत नव्हते. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता, असेच कलम ११५ गृहीत धरते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. तेव्हा गुन्हा दाखल होईल या भीतीने फोन टाळू नये.

फोनवर मात्र दिसते तेवढेच सांगावे. 'माणूस आजारी वाटतो, मोठ्याने बोलतो आहे, कोणाला मारलेले नाही.' हातात विळा असेल तर तेही सांगावे, लपवू नये. औषध चालू आहे काय, घरचे कोणी सोबत आहे काय, त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हे ठाऊक असल्यास सांगावे. गर्दी हटवावी. मोबाईलवर चित्रण करून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांना तिथेच थांबवावे. चौकशीसाठी ठेवलेली नोंद निराळी आणि गावभर झालेली बदनामी निराळी. मुलाच्या नोकरीच्या व मुलीच्या लग्नाच्या वेळी हेच चित्रण पुन्हा बाहेर निघते.

प्रसंग हाताबाहेर गेलेला नसेल, तर पोलिसांआधी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोलावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही मोफत सेवा रात्रंदिवस चालते. परीक्षेच्या दिवसांत झोप उडालेल्या विद्यार्थ्यानेही तिथे फोन करायला हरकत नाही. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर, वर्षावासाच्या कार्यक्रमपत्रिकेशेजारी, ठळक अक्षरात लिहावा, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. खडू मी आणतो.