सरकणारा ठिपका

दुर्बिणीतून पाहिले तर लघुग्रह आणि तारा दोन्ही सारखेच दिसतात. मग लघुग्रह ओळखायचा कसा? आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार छायाचित्रे घेऊन ती आपण ताडून पाहू. तारे एकमेकांच्या सापेक्ष जागा सोडत नाहीत. त्यांच्यामधून सरकणारा ठिपका हा लघुग्रह असू शकतो. त्याभोवती धूसर आवरण असेल, तर बहुधा धूमकेतू.

६ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना येथील दुर्बिणीला असा एक ठिपका सापडला. सुमारे चार मीटरचा तो दगड दुसऱ्याच दिवशी, गणिताने सांगितल्याप्रमाणे, सुदानच्या वाळवंटावर फुटला. पृथ्वीवर आदळण्यापूर्वी सापडलेला हा पहिलाच लघुग्रह.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी मात्र रशियातील चेल्याबिन्स्कजवळ सुमारे वीस मीटरचा दगड हवेत फुटला. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, बरीचशी खिडक्यांच्या काचांमुळे. मोठा असूनही तो आधी का दिसला नाही? कारण तो सूर्याच्या दिशेने आला. रात्री आपण सूर्याकडे पाठ करून पाहतो. ही उणीव भरून काढायची, तर सूर्याच्या बाजूला नजर ठेवणाऱ्या दुर्बिणी अवकाशातच हव्यात.